पाटीचं टोक बघणारी माणसं: आमच्या वाचनालयाच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अनुभव

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारत किती भक्कम आहे याची तपासणी, 2024 मध्ये रत्नागिरीच्या दोन अभियंत्यांनी केली. फी 35,000 रुपये, वर जीएसटी, एकूण 41,300. मी वाचनालयाची सचिव आहे. त्याआधी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यामुळे पैसा कुठे गेला आणि बदल्यात काय मिळालं याची नोंद ठेवायची सवय हाडात मुरली आहे. समितीतल्या काहींना ही रक्कम अजून जास्त वाटते. मला वाटत नाही. का वाटत नाही ते सविस्तर लिहिते, कारण आपल्या किनाऱ्यावर शाळा, अंगणवाड्या, उपकेंद्रं, समाजमंदिरं अशा कितीतरी इमारती सांभाळणाऱ्या समित्या याच कोड्यात अडकलेल्या मला माहीत आहेत.

आमचा हॉल 1986 चा. भिंती चिऱ्याच्या, लांबी पस्तीस-छत्तीस फूट, रुंदी चौदा-पंधरा. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली होती. जागा उतारावर, गाडीरस्ता खालीच संपायचा. वर स्लॅब ओतायचा म्हणजे खडी, वाळू, पाणी, सेंट्रिंगचं लाकूड सगळं डोक्यावरून न्यायचं, आणि मृग तोंडावर आलेला. तेव्हा मुंबईत बांधकामावर नोकरी करणाऱ्या एका गाववाल्याने तयार पाट्यांचा पर्याय सुचवला. कारखान्यात बनवलेल्या, आत सळ्या घातलेल्या हलक्या काँक्रीटच्या पाट्या. कुंभार्ली घाट उतरून ट्रक आले. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच गावात आले होते. दहा-बारा जणांनी दोर आणि फळ्या लावून एकेक पाटी वर चढवलेली मी स्वतः पाहिली आहे. दोन फूट रुंद, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब, जाडी सात इंच. अशा अठरा पाट्या. दोन दिवसांत छप्पर झालं. गावात त्याला आजही ‘हलका स्लॅब’ म्हणतात.

हा माल काय असतो तेही सांगते, कारण मला स्वतःला ते सदतीस वर्षं माहीत नव्हतं. सिमेंट, चुना, पिठासारखी दळलेली वाळू किंवा राख, पाणी, आणि त्यात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड. पूड चुन्याशी लागली की वायू सुटतो आणि मिश्रण आंबोळीच्या पिठासारखं फुगून येतं. मग ते दाबाखालच्या वाफेत, साधारण 190 अंशांपर्यंत, कित्येक तास शिजवतात. खडीचा एक दाणाही आत नसतो. तीन-चतुर्थांशाच्या आसपास नुसती पोकळी. 1920 च्या दशकात स्वीडनमध्ये याचा शोध लागला. ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकापासून 1990 च्या दशकापर्यंत शाळा, इस्पितळं, कचेऱ्या यांच्या सपाट छपरांना तो सर्रास वापरला. आपल्याकडेही छपराच्या अशा पाट्यांसाठी आयएस 6073 हे भारतीय मानक 1971 सालीच निघालं. म्हणजे माल काही चोरीछुपे आलेला नव्हता. रीतसर होता, बिल होतं.

माझ्या बहिणीची मुलगी इंग्लंडात, एसेक्समध्ये, प्राथमिक शाळेत शिकवते. ऑगस्ट 2023 संपता संपता तिचा फोन आला. “मावशी, शाळा उघडायला चार दिवस राहिलेत आणि आमचे वर्ग बंद केलेत. छपरात रॅक सापडलंय.” रॅक म्हणजे रीइन्फोर्स्ड ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, त्याच्या इंग्रजी अक्षरांवरून पडलेलं नाव. 31 ऑगस्टला तिथल्या शिक्षण खात्याने 104 शाळांना असे भाग ताबडतोब बंद करायला सांगितलं होतं. पुढे इंग्लंडमधल्या अशा शाळांचा आकडा 234 वर गेला. त्याआधी 2018 च्या जुलैमध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचं छप्पर शनिवार-रविवारच्या सुट्टीत कोसळलं होतं. पोरं वर्गात नव्हती म्हणून वाचली. किंग्ज लिन गावच्या क्वीन एलिझाबेथ इस्पितळात तर छपराखाली हजारोंनी टेकू लावून रुग्ण सांभाळतात, आणि सगळ्या सरकारी इस्पितळांतून हा माल 2035 पर्यंत काढायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे.

हे सगळं मी दुसऱ्याच्या घरचं दुखणं म्हणून ऐकत होते. मग तिने वर्गाच्या छताचा फोटो पाठवला. दोन-दोन फुटांचे पट्टे, आणि दोन पट्ट्यांच्या मधे लांबच लांब त्रिकोणी खाच. मोबाइल हातात घेऊन मी तशीच वाचनालयात गेले, दिवे लावले आणि वर बघितलं. तेच पट्टे, तीच खाच.

या ऑडिटच्या आधीचे दोन अनुभव थोडक्यात सांगते. नावं घेत नाही, कारण माझं भांडण माणसांशी नाही, पद्धतीशी आहे. पहिले आले ते वॉटरप्रूफिंगवाले. खाली उभं राहून ओल बघितली, वर जाऊन कोबा बघितला आणि केमिकल कोटिंगचं 1,85,000 चं कोटेशन देऊन गेले. स्लॅब कशाचा आहे हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. दुसऱ्यांनी 6,000 रुपयांत प्रमाणपत्र दिलं. काँक्रीटची ताकद अजमावायचा स्प्रिंगचा हातोडा छताला चार ठिकाणी लावला, फोटो काढले आणि आठ दिवसांनी कागद आला: ‘आरसीसी स्लॅब, एम-20, वापरास योग्य.’ आरसीसी म्हणजे जागेवर ओतलेला साधा सळीचा स्लॅब, एम-20 हा त्याच्या काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा. तो कागद हातात घेतला तेव्हा मला भीती वाटली. आरसीसी स्लॅब आमच्याकडे नाहीच! जे नाही ते योग्य असल्याची सही-शिक्क्यानिशी ग्वाही मिळाली होती, आणि समितीतले अर्धे लोक त्यावर समाधानी होते. अध्यक्ष म्हणाले, “ताई, कागद मिळालाय ना, आता कशाला उकरून काढता?” महाडला 24 ऑगस्ट 2020 ला पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसं गेली, ती इमारत तर जेमतेम दहा वर्षांची होती, एवढंच मी त्यांना म्हटलं. ते गप्प झाले. मग तिसऱ्यांना बोलवायला होकार मिळाला.

रत्नागिरीच्या या दोघांचं वेगळेपण पहिल्या फोनपासून कळलं. त्यांनी ओलीबद्दल विचारलं नाही. हॉल कधीचा, पाट्या कुठून आल्या, त्यानंतर छपरावर काय काय चढवलं, कुठे भोकं पाडली, जुनी बिलं आहेत का, हे विचारलं. दोन दिवस मी पत्र्याच्या ट्रंका उपसल्या. 1986 च्या पावत्यांच्या फायलीत कारखान्याचं चलन सापडलं, अठरा नग, लांबी-रुंदी-जाडीसकट. ते फोटो काढून पाठवलं तर थोरल्या अभियंत्याचा लगेच फोन. “काकू, हा कागद म्हणजे निम्मं ऑडिट आहे. जपून ठेवा.”

फेब्रुवारी 2024 मधल्या एका सकाळी जयगड-तवसाळ फेरीबोटीने ते आले. एक चाळिशीचे गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी, तीही अभियंता. सामान फार नव्हतं. शिडी, मोठी बॅटरी, सळ्या शोधायचं यंत्र, ओल मोजायचं यंत्र, बारीक नळीचा कॅमेरा, दोरा आणि स्टीलची पट्टी. पिशवी उघडण्याआधी त्यांनी हॉल रिकामा करायला लावला. वर्तमानपत्र वाचत बसलेले तीन म्हातारे आणि बालविभागातली दोन पोरं बाहेर ओटीवर आली. “आधी माणसं बाहेर, मग आम्ही आत,” असं ती मुलगी म्हणाली, आणि खरोखर तोपर्यंत तिने पाऊल आत टाकलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी पाट्यांना खडूने नंबर घातले, एक ते अठरा. मग प्रत्येक पाटीखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरा ताणून मधला झोल पट्टीने मोजला. बहुतेक पाट्या आठ-दहा मिलीमीटर. सात नंबर 22, आठ नंबर 26. “यांच्यावर काय आहे?” त्यांनी विचारलं. वर पाण्याची हजार लिटरची टाकी होती. भरलेली टाकी म्हणजे एक टन.

पण त्यांचा खरा वेळ गेला पाट्यांच्या टोकांवर. दुपारी जेवायला बसेपर्यंत ते भिंतीच्या कडेकडेनेच फिरत होते. छताचा रंग भिंतीपासून फूट-दीड फूट पट्टीने हळूहळू खरवडायचा, ब्रशने झाडायचा, बॅटरी तिरपी धरायची. मला शिडीवर चढवून त्यांनी आठ नंबरचं टोक दाखवलं. भिंतीपासून वीतभर अंतरावर एक चीर होती, केसासारखी, सरळ नव्हे तर भिंतीकडे तिरकी उतरत गेलेली. खालून उभं राहून मी त्या छताकडे किती वेळा बघितलं असेल, ती कधी दिसली नव्हती. तीन थर ऑइलपेंट तिच्यावरून गेले होते.

मग दोन पाट्यांच्या खाचेतून कॅमेऱ्याची नळी आत सरकवली आणि पाटी भिंतीवर किती टेकली आहे ते मोजलं. ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या मार्गदर्शनात किमान 75 मिलीमीटर टेकू असावा असं धरतात. आमच्या पाट्या कुठे 70, कुठे 50. आठ नंबर 40. दीड इंचाच्या काठावर एवढं छप्पर अडतीस पावसाळे बसलं होतं. चिऱ्याची भिंत वरून सपाट नसते, तिथे मसाला टाकून पातळी केलेली, त्यामुळे तो दीड इंचही सगळा भरीव नव्हता.

टोकाचं एवढं का, ते त्यांनी ओटीवर बसून समजावून सांगितलं. साध्या काँक्रीटमध्ये सळी गच्च धरलेली असते. या फुगीर काँक्रीटची पकड कमी, म्हणून कारखान्यात लांब सळ्यांना टोकाशी आडव्या सळ्या जोडतात आणि त्या आडव्या सळ्यांवर सगळा भार येतो. ती आडवी सळी भिंतीच्या माथ्यावर आली तर ठीक. ती आत राहिली, भिंतीवर नुसतं बिनसळीचं टोक टेकलं, तर ते टोक एका क्षणात तुटतं. मधे वाकून, करकरून, चार दिवस आधी सांगून नाही.

माझ्या मनात सगळ्यात रुतलेली गोष्ट पुढची. त्यांनी खरवडताना पडलेले दोन तुकडे उचलले, बोराएवढे. एक कोरड्या कोपऱ्यातला, एक तीन नंबरच्या पाटीखालचा, जिथे दर पावसाळ्यात आम्ही बादली ठेवायचो. माझ्याकडे पाण्याचा पेला मागितला. कोरडा तुकडा पाण्यावर बुचासारखा तरंगला. दुसरा जेमतेम तरंगला, टोक तेवढं वर. त्या मुलीने तो काढून माझ्या हातात दिला आणि नख लावून बघा म्हणाली. नख सहज रुतलं. ओला साबण असतो तसा. त्याच पाटीखाली गेली कितीतरी वर्षं मुलं चांदोबाचे जुने अंक घेऊन बसत आली होती.

गंज तर त्याहून फसवा. साधं काँक्रीट सळीला गंजण्यापासून बऱ्यापैकी जपतं. हे सच्छिद्र काँक्रीट जपत नाही, म्हणून आतल्या सळ्यांना डांबरासारखा किंवा सिमेंटचा लेप दिलेला असतो. लेप गेला की ओल आणि खारी हवा थेट सळीला भिडते. आणि गंज फुगला तरी त्याला शिरायला आत हवेची भोकं असतात, त्यामुळे पोपडा निघत नाही, तांबडा डाग उमटत नाही. खालून बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं.

दुपारी ते वर चढले. तिथे आमच्याच हातांनी केलेली पापं होती. 2009 साली गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, चार इंच. त्यांनी तिथेच हिशेब मांडला. अठरा पाट्यांचं स्वतःचं वजन पावणेसहा टनांच्या आसपास, आणि वरच्या कोब्याचं सुमारे नऊ टन. गळती थांबावी म्हणून आम्ही छपरावर छपराच्या दीडपट ओझं ठेवलं होतं. ते काम मी स्वतः मंजूर केलं होतं, ठरावावर माझी सही आहे. पुढे 2015 ला गळती पुन्हा सुरू झाली म्हणून वर पत्र्याची शेड केली, आपल्याकडे सगळे करतात तशी. शेडच्या खांबांच्या पट्ट्या पाट्यांना भोकं पाडून बोल्टने आवळलेल्या. आणि अकरा नंबरच्या पाटीत टाकीच्या पाइपसाठी चौकोन कापलेला, त्यात एक सळी सरळ तोडलेली दिसत होती. प्लंबरला दोष देता येत नाही. हा स्लॅब कापायचा नसतो असं त्याला सांगणारं गावात कुणी नव्हतं.

संध्याकाळी निघायच्या आधी थोरल्या अभियंत्यांनी वहीचं पान फाडलं, हाताने मराठीत लिहिलं: हॉल आजपासून बंद, टाकी आजच रिकामी करावी, पाट्यांवर कुणी चढू नये. खाली सही, तारीख. सविस्तर अहवाल नंतर येईल, पण एवढ्यासाठी थांबता येणार नाही, म्हणाले. मी दहा वेळा सांगून जे होत नव्हतं ते त्या चिठ्ठीने दहा मिनिटांत झालं. अध्यक्षांनी स्वतः टाकीचा नळ सोडला आणि दाराला कुलूप लावलं. या एका चिठ्ठीसाठी मी त्यांना पूर्ण फी आनंदाने दिली असती.

बाहेर पडताना सरपंचांनी त्यांना आग्रहाने शाळा दाखवायला नेलं. तिथला स्लॅब साधा ओतीव, खालून पोपडे निघालेले, सळ्या उघड्या. आपल्या हॉलसारखंच आहे का, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यांनी स्पष्ट केलं की हा आजार वेगळा. जुन्या कामात खाडीची न धुतलेली वाळू, सळीवर अर्धा-पाऊण इंचाचं आवरण, आणि समुद्रावरचं खारं वारं. मिठाने सळी गंजते, फुगते, काँक्रीट ढकलून देते. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला आयएस 456 प्रमाणे सळीवर 45 मिलीमीटर आवरण आणि एम-30 चं काँक्रीट लागतं. तो स्लॅब निदान आधी बोलतो, पोपडे टाकून सांगतो. पण म्हणून त्याला हलक्यात घ्यायचं असं नाही. तो वर्ग रिकामा करा आणि निर्लेखनाचा, म्हणजे इमारत वापरातून काढून टाकायचा, प्रस्ताव आजच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, असं त्यांनी सांगितलं. पण लेखी काही दिलं नाही. मोजमाप न करता कागद देत नाही, म्हणाले. आधीच्या प्रमाणपत्राचा अनुभव ताजा होता, त्यामुळे हा नकार मला फार मोलाचा वाटला.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण त्यानंतर गावात घबराट पसरली. हल्ली घरांच्या भिंतींना जे पांढरे-करडे हलके ब्लॉक वापरतात, त्यांचा माल या पाट्यांच्या जातीचाच. पण भिंतीतल्या ब्लॉकमध्ये सळी नसते आणि तो दोन आधारांवर आडवा लटकत नाही, नुसता दाबाखाली असतो. ओल लागू देऊ नये, गिलावा नीट ठेवावा, एवढंच. धोका छपराच्या नि मजल्याच्या सळीवाल्या पाट्यांचा. शेजारच्या वाडीतल्या एका कुटुंबाने नव्या घराची भिंत पाडायला घेतली होती, त्यांना मी जाऊन थांबवलं.

आता उणिवा. अहवाल पंधरा दिवसांत देतो म्हणाले, चौतीस दिवस लागले. पावसाळा तोंडावर असताना ते एकोणीस दिवस फार जड गेले. अहवाल इंग्रजीत, 31 पानं. समितीत तो वाचू शकणारे आम्ही दोघंच. मराठीत सारांश मागितला तर आधी वेगळे पैसे लागतील असं कार्यालयातून उत्तर आलं. मी थोरल्या अभियंत्यांशी बोलले तेव्हा त्यांनी दोन पानं विनामूल्य लिहून दिली, तीही आणखी तीन आठवड्यांनी. माझं म्हणणं असं की वाचनालय, शाळा, उपकेंद्र यांचा अहवाल मुळातच मराठीत हवा, कारण छपराखाली बसणाऱ्याला तो वाचता आला पाहिजे. पैशाच्या बाजूनेही थोडा त्रास झाला. 70 टक्के आगाऊ घेतात. आमचं वाचनालय ‘क’ वर्गाचं, अनुदान हप्त्यांनी येतं. तेवढी रक्कम एकदम उभी करायला मला तिघांकडून हातउसने घ्यावे लागले. शिवाय तपासणीची दोन भोकं न बुजवता गेले, ती आम्ही नंतर बुजवली.

पण अहवालात जे आहे ते चोख आहे. अठरा पाट्यांचा एकेकीचा तक्ता, झोल, टेकू, ओल, चिरा, फोटो. आणि पाच पाट्यांपुढे सरळ लिहिलंय की टोक दिसू शकलं नाही, म्हणून या धोकादायक धराव्यात. न दिसलेलं न दिसलेलं म्हणून लिहिणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

पर्याय तीन दिले होते. टोकांखाली लोखंडी अँगल बसवून टेकू वाढवायचा, सगळ्या पाट्यांखाली लोखंडी तुळयांचा सांगाडा करायचा, किंवा पाट्याच काढायच्या. पहिले दोन स्वस्त, पण समुद्र हाकेवर असताना ते लोखंड दर दोन वर्षांनी रंगवत बसायला लागेल आणि भिजलेला माल वर तसाच राहील, हे त्यांनी न विचारता सांगितलं. आम्ही काढायचं ठरवलं. तोवर पावसाळ्यापुरते पाट्यांखाली आधाराचे टेकू. इथे आमच्या सुताराचा आणि त्यांचा वाद झाला. सुतार म्हणे टेकू मधोमध ठोकू, झोल तिथे आहे. त्यांनी ठाम नकार दिला. पाटीची मुख्य सळी खालच्या अंगाला असते. मधून वर रेटलं तर वरचा बिनसळीचा भाग फाटतो. टेकू दोन्ही भिंतींच्या कडेने, टोकापासून हातभर आत, वर आडवी तुळई घालून, आणि जॅक फक्त अंग लागेल एवढाच फिरवायचा. त्यासाठी ते स्वतः मे महिन्यात पुन्हा आले, एकेक जॅक हाताने तपासला. त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

पावसाळा निभावला. तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणारा आपला भाग, दर रात्री छातीत धडधड. दिवाळीनंतर शेड उतरवली, कोबा हाताने, छिन्नीने, फूट-फूट पट्ट्यांनी काढला. ब्रेकर लावायचा नाही अशी त्यांची अट होती. मग आत मचाण भरून घेतलं. पाटी आधी पूर्ण लांबीभर मचाणावर टेकवायची, मग कापून तुकडे खाली. सुरुवात सात आणि आठ नंबरपासून.

आठ नंबर उतरली त्या दिवशी अभियंता मुलगी हजर होती. टोकाचा तुकडा तिने ओट्यावर ठेवला आणि हातोडीने अलगद फोडला. आडवी सळी होती, पण टोकापासून पाच बोटं आत. भिंतीवर टेकलेल्या दीड इंचात सळी नव्हतीच. लेप एका बाजूने पार गेलेला, सळी पेन्सिलीएवढी असायची ती तिथे काडीएवढी उरलेली. आणि बाहेरून, रंगाच्या बाजूने, त्या तुकड्यावर गंजाचा एक ठिपकाही नव्हता. अध्यक्षांनी तो हातात घेतला, बराच वेळ उलटासुलटा केला आणि काही न बोलता माझ्याकडे दिला.

सगळ्या पाट्या आता उतरल्या आहेत. भिंतींवर सळ्यांचा पट्टा ओतून झाला, त्यावर लोखंडी कैच्या आणि मंगलोरी कौलं येतील. पैसे निम्मे जमलेत, मुंबईकर मंडळींची बैठक एप्रिलमध्ये आहे. वाचनालय तोवर देवळाच्या सभामंडपात, दुपारी 4 ते 6. आठ नंबरचं टोक तिथल्या कपाटात खालच्या फळीवर ठेवलं आहे, चलनाची प्रत आणि अहवालाची मराठी दोन पानं त्याच्याशेजारी. ज्यांच्या गावात असं छप्पर आहे त्यांनी छताचा फोटो घेऊन यावं. खाचा कशा दिसतात ते मी दाखवीन, आणि अभियंत्यांचा पत्ताही तिथेच देईन.